पिकअपची पुढची बाजू लवकर का जाते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे आणि आसपास एक ते दोन टन पासिंगच्या पिकअप चालवणाऱ्या गाडीमालकांसाठी आणि ड्रायव्हरांसाठी हे पान आहे. भोसरी-चाकणची कास्टिंग असोत, मार्केट यार्डाची भाजी, वाघोलीची खडी किंवा पुरंदरचं सीताफळ, गॅरेजला आल्यावर तक्रार एकच असते: पुढचं काम इतक्या लवकर कसं निघालं? आमचं मत ठाम आहे. जुना पार्ट काढून नवा टाकला की काम अर्धंच होतं. तो का गेला हे शोधलं नाही, तर नवाही त्याच कारणाने जातो आणि पैसे दुसऱ्यांदा जातात.

फ्रंट सस्पेन्शनमध्ये नेमकं काय काय येतं?

आधी आपली गाडी कुठल्या जातीची आहे ते बघा. काही पिकअपना पुढे सरळ बीम अ‍ॅक्सल असतो, वजन कमानपाट्यांवर असतं आणि चाक किंगपिन नावाच्या उभ्या खिळीवर वळतं. काहींना दोन्ही चाकं स्वतंत्र असतात: वरचा आर्म, खालचा आर्म, त्यांच्या टोकाला बॉल जॉइंट (गोळ्यावर फिरणारा सांधा) आणि वजन पेलायला कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार. इसुझूची डी-मॅक्स आणि टोयोटाची हायलक्स या दुसऱ्या जातीच्या. शॉकअप, जोडांमधले रबरी बुश, टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक) आणि व्हील बेअरिंग दोन्हीकडे असतात. खालची बरीच उत्तरं दोन्ही जातींना लागू आहेत, जिथे फरक आहे तिथे तसं लिहिलं आहे.

बॉल जॉइंट किंवा किंगपिन किती किलोमीटर टिकायला हवेत?

एकच आकडा सांगणारा माणूस अंदाज सांगतोय असं समजा. हायवेला कुरिअर टाकणारी गाडी आणि खाणीतून खडी काढणारी गाडी, दोन्हींचं किलोमीटर सारखं असलं तरी पुढची बाजू सारखी राहत नाही. लवकर गेलं का, हे ओळखायच्या खुणा वेगळ्या. तोच पार्ट दुसऱ्यांदा गेला. एकाच बाजूचा गेला आणि दुसरी बाजू ठणठणीत आहे. तुमच्यासारखाच माल, तुमच्याच रूटवर नेणाऱ्या शेजाऱ्याच्या गाडीला काही झालं नाही. यातलं एक जरी असेल, तर झिजण्यामागे काहीतरी कारण आहे आणि ते सापडतं.

माल तर मागे हौद्यात असतो. मग पुढचं का झिजतं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून हिशेबच मांडतो.

समजा दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर ३ मीटर आहे आणि हौद्यात १५०० किलो माल आहे. मालाच्या वजनाचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या ३० सेंटीमीटर पुढे आला, तर त्यातले १५० किलो पुढच्या अ‍ॅक्सलवर येतात, १३५० मागच्यावर. तोच माल केबिनला चिकटवून रचला आणि मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या ९० सेंटीमीटर पुढे गेला, तर पुढे ४५० किलो येतात. माल तेवढाच, पासिंगमध्ये बसणारा, वजनकाट्याची पावतीही बरोबर, आणि पुढच्या बाजूवर मालाचा भार तिप्पट.

कांद्याच्या गोण्या अख्ख्या हौद्यात पसरतात, त्यामुळे तिथे हे फारसं होत नाही. एमआयडीसीच्या कामात हमखास होतं. कास्टिंगची किंवा बार कटिंगची क्रेट जागेने छोटी आणि वजनाने भारी. फोर्कलिफ्टवाला पहिली पॅलेट आत ढकलतो ती थेट केबिनच्या जाळीला नेऊन टेकवतो, आणि दीड टन तेवढ्यातच संपतं. मागचा अर्धा हौदा मोकळा. अशा गाड्यांचे खालचे बॉल जॉइंट आणि पुढचे पाटे आधी जातात, हे आम्ही सतत बघतो. पॅलेट केबिनपासून मागे सरकवून घ्या, मध्ये लाकडी ओंडक्यांची अटकाव लावा, पट्टा आवळा. अटकाव सोडून नुसतं मागे ठेवू नका, ब्रेकला माल केबिनवर येईल.

दुसरं टोकही वाईट. माल मागच्या फाळक्याकडे गेला तर पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग तरंगतं आणि गाडी रस्ता धरत नाही. वजनाचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या थोडासा पुढे, हे साधारण योग्य.

आता यात ब्रेक मिळवा. माल धरून गाडी ३००० किलोची, वजनाचा मध्य जमिनीपासून १ मीटर उंच, आणि ब्रेक असा की गाडीचा वेग गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या दराने उतरतो. मागच्या चाकांवरचे ५०० किलो त्या क्षणी पुढच्या चाकांवर येतात. माल उंच रचला असेल तर त्याहून जास्त. नेमकं त्याच क्षणी चाक खड्ड्यात गेलं, तर तो दणका कोणावर बसतो हे वेगळं सांगायला नको.

पुढच्या अ‍ॅक्सलवर खरंच किती वजन येतंय, हे कसं कळेल?

वजनकाट्यावर. फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या आणि वजन लिहून ठेवा, मग अख्खी गाडी घ्या. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की मागचं वजन मिळतं. काट्याचा प्लॅटफॉर्म आणि रस्ता एका पातळीत हवेत, ब्रेक सोडलेला हवा. पुढच्या अ‍ॅक्सलची मर्यादा कंपनीच्या प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये असते. एकदा नेहमीचा माल भरून हे करून बघा. मार्केट यार्ड, चाकण, भोसरी सगळीकडे काटे आहेत, आणि एका पावतीत जे कळतं ते महिनाभराच्या तर्काने कळत नाही.

पासिंगच्या वर भरत असाल तर सस्पेन्शन हा दुय्यम प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये आहेत, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो.

पुण्याच्या रस्त्यांचा दोष किती?

मोठा आहे, पण सगळा नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मध्ये १० सेंटीमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा सांगितला आहे, ताशी २५ किलोमीटरने आरामात ओलांडता येईल असा. आपल्या गल्ल्यांत आणि कंपन्यांच्या गेटपुढे असलेले कित्येक गतिरोधक म्हणजे डांबराचे आखूड उंचवटे आहेत. त्यावर चाक चढत नाही, आपटतं. तळेगाव-चाकण रस्त्यावर पावसाळ्यात काय होतं ते तिथून रोज जाणाऱ्याला माहीत आहे.

रस्ता आपल्या हातात नाही, ब्रेकचा पाय आहे. खड्ड्याआधी ब्रेक लावून वेग उतरवा, आणि चाक खड्ड्यात शिरायच्या आत ब्रेक सोडा. ब्रेक सोडला की गाडीचं नाक वर येतं आणि स्प्रिंगला दबायला जागा मिळते. ब्रेक दाबलेलाच असेल तर सस्पेन्शन आधीच दबलेलं असतं आणि दणका थेट बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, आणि तिथून चासीवर जातो. आम्ही एवढी एकच सवय ड्रायव्हरला लावा म्हणतो. बाकी सगळं गॅरेजमध्ये करता येतं, हे मात्र फक्त ड्रायव्हरच करू शकतो.

दिवे घाट, कात्रज घाटात रोज उतरतो. त्याने फरक पडतो का?

पडतो, पण उतारामुळे वजन पुढे सरकतं ते थोडंच. खरा भार पडतो तो सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरल्याने. खालच्या गिअरमध्ये उतरा, इंजिनला गाडी धरू द्या. ब्रेक लायनर वाचतील आणि पुढचे बुशही. घाटातल्या वळणांवर बाहेरच्या बाजूच्या बॉल जॉइंटवर आणि बेअरिंगवर जोर येतो, म्हणून भरलेली गाडी वळणात दाबून काढू नका.

चाकात प्ले (ढिलेपणा) आहे का, हे स्वतः कसं तपासू?

दोन माणसं, एक जॅक, एक टॉमी (लांब लोखंडी पहार) आणि अर्धा तास. सपाट जागा, मागच्या चाकांना दगड किंवा गुटके, आणि जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरायचं नाही. स्टँड लावायचा.

जॅक कुठे लावता यावर सगळं अवलंबून आहे. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये स्प्रिंग किंवा टॉर्शन बारचा जोर खालच्या आर्मवर असेल, तर जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळ लावा. चासीला लावलात तर आर्म खाली लोंबतो, जॉइंट ताणलेला राहतो आणि आतला ढिलेपणा हाताला लागतच नाही. कितीतरी गाड्या अशाच तपासून 'ठीक आहे' म्हणून परत पाठवल्या जातात. बीम अ‍ॅक्सलला जॅक अ‍ॅक्सलखाली.

चाक जमिनीपासून जरा वर आलं की एक हात वर, एक खाली धरून आत-बाहेर हलवा. हललं तर तीन शक्यता: बॉल जॉइंट, किंगपिन किंवा व्हील बेअरिंग. आता दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. हालचाल थांबली तर प्ले बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही हलतंय तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन. बेअरिंग नुसतं ढिलं असेल तर ते मॅन्युअलप्रमाणे सेट करून काम भागतं, नवा जॉइंट टाकून उपयोग नसतो.

मग हात डावीकडे-उजवीकडे धरून हलवा. इथला प्ले बहुतेक टाय रॉड एंडचा किंवा स्टिअरिंगच्या इतर जॉइंटचा. खात्री करायची तर गाडी खाली घ्या, इंजिन चालू ठेवून एकाला स्टिअरिंग थोडं थोडं डावं-उजवं करायला सांगा, आणि तुम्ही एकेका जॉइंटवर बोटं ठेवून बघा. ढिला जॉइंट बोटाला टिचकी मारतो.

शेवटी चाकाखाली टॉमी घालून हळूच वर उचला. खालच्या बॉल जॉइंटचा उभा प्ले असाच दिसतो. किती चालतो हे मॅन्युअलमध्ये असतं. काही जॉइंट नवे असतानाही जराशी हालचाल दाखवतात, त्यामुळे दोन्ही बाजू ताडून बघा.

खटखट येते, पण मिस्त्रीला काही सापडत नाही.

आवाज कधी येतो ते लिहून न्या. लहान खड्ड्यांवर सतत खटखट असेल तर स्टॅबिलायझरच्या (गाडी वळणात झुकू न देणाऱ्या आडव्या दांड्याच्या) लिंक आणि त्याचे रबर, किंवा शॉकअपचे बुश. ब्रेक मारताना एकच ठोका बसत असेल तर आर्मचे बुश किंवा पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट ढिले. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना करकर येत असेल तर कोरडा पडलेला जॉइंट किंवा किंगपिन. रिकामी गाडी वाजते आणि भरल्यावर गप्प बसते, तर शॅकलचे (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या जोडाचे) बुश आधी बघा.

टायर बघून काही कळतं का?

भरपूर. दर महिन्याला टायरवरून तळहात आडवा फिरवा.

आतून-बाहेरून दोन्ही कडा गेल्या तर हवा कमी राहते. फक्त मधला पट्टा गेला तर हवा जास्त. एकच कड एका बाजूने खाल्ली असेल तर चाकाचा कल बिघडला, म्हणजे किंगपिन, बॉल जॉइंट किंवा वाकलेला आर्म. हाताला एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागत असेल तर टो, म्हणजे चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप, बिघडला. थोड्या थोड्या अंतरावर खळगे पडले असतील तर शॉकअप गेला किंवा बॅलन्सिंग नाही. खळगे पडलेला टायर परत सरळ होत नाही, शॉकअप बदलला तरी आवाज राहतो, म्हणून हे लवकर बघण्यात फायदा.

ग्रीस किती दिवसांनी मारायचं?

मॅन्युअलमध्ये जे अंतर आहे ते चांगल्या रस्त्याला धरून असतं. खडी, वाळू, बांधकाम साइट आणि पावसाळा यात आम्ही त्याच्या निम्म्यावर मारायला सांगतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तर यात हयगय नको. चिखलातून आलेल्या गाडीला प्रेशरने धुताना पाण्याची धार बॉल जॉइंटच्या रबरी बूटवर (टोपणावर) धरली जाते, पाणी आत शिरतं, आणि आठवड्याभरात आत गंज धरतो. धार लांबून मारायला सांगा, धुतल्यावर ग्रीस मारा.

कसं मारायचं यालाही महत्त्व आहे. निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, आधी फडक्याने स्वच्छ पुसा, नाहीतर गन लावताच तोंडावरची माती आतच जाते. किंगपिन करताना अ‍ॅक्सल जॅकवर घ्या, चाक हवेत राहू द्या. चाकावर वजन असेल तर ज्या बाजूला घर्षण होतं नेमकी तीच फट बंद असते आणि ग्रीस सोप्या वाटेने निघून जातं. चाक हवेत असताना स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत पंप मारा. आधी काळं, मातकट ग्रीस बाहेर येईल. स्वच्छ नवं ग्रीस वर आणि खाली दोन्हीकडून दिसेपर्यंत थांबू नका. एकीकडूनच येत असेल तर दुसरा मार्ग चोंदला आहे, तो उघडायला हवा.

बॉल जॉइंटला मात्र इतकं दाबायचं नाही. बूट जरा फुगला की थांबा. फाटलेल्या बूटमध्ये कितीही ग्रीस भरलं तरी ते टिकत नाही, माती आत जातच राहते.

आमच्या गाडीच्या जॉइंटला निप्पलच नाही.

ते सीलबंद आहेत. त्यांना ग्रीस लागत नाही, बूट शाबूत राहणं एवढीच त्यांची गरज. दर ऑइल बदलीला टॉर्च घेऊन बूट चौफेर बघा.

ओव्हरलोड पेलावा म्हणून पुढे एक पाटा वाढवला तर?

गाडी बसणार नाही, पण दणका कुठे जाईल? पाटा कडक झाला की जे काम पाट्याने वाकून करायचं ते किंगपिन, बेअरिंग, शॅकल आणि चासी करतात. पाटे थकले असतील, म्हणजे सपाट झाले असतील किंवा मेन पाट्याला चीर असेल, तर कमानवाल्याकडून मूळ मापाचा सेट बसवा. मूळ मापापेक्षा जास्त नको.

मागे पाटा वाढवून शेपूट उचलली, तरी पुढे परिणाम होतो. मागची बाजू वर गेली की पुढच्या किंगपिनचा मागचा कल, म्हणजे कॅस्टर, कमी होतो आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग भटकायला लागतं. मालक अलाइनमेंट करत राहतो, फरक पडत नाही.

टॉर्शन बारच्या गाडीत बोल्ट आवळून पुढची बाजू उंच करण्याचा प्रकारही तसाच. बार त्याने बळकट होत नाही, फक्त उंची बदलते. आर्म खाली झुकलेल्या कोनात काम करतात, बॉल जॉइंट कडेला रेटले जातात आणि चाक खड्ड्यात उतरलं की आर्म खालच्या मर्यादेला आपटतो. बसलेली गाडी कंपनीच्या उंचीला आणायला हा बोल्ट आहे, त्यापलीकडे नाही.

पुढे मोठा लोखंडी गार्ड आणि रुंद टायर लावलेत. त्याचा संबंध आहे?

आहे. ६० किलोचा गार्ड पुढच्या अ‍ॅक्सलच्या ७० सेंटीमीटर पुढे लटकला, तर ३ मीटरच्या गाडीत पुढच्या अ‍ॅक्सलवर ७४ किलो वाढतात, कारण मागची बाजू १४ किलोने उचलली जाते. आणि हे वजन रिकाम्या गाडीतही चोवीस तास असतं. शिवाय केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच अशा गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं आहे. काढून टाका.

टायर किंवा डिस्क (चाकाची रिम) बाहेर आली की चाकाचा जोर लांबच्या टोकावरून बेअरिंग आणि बॉल जॉइंटवर पडतो. दिसायला छान दिसतं, पण पैसे मोजून झीज विकत घेतल्यासारखं आहे. कंपनीचं माप सोडू नका.

हवा किती ठेवू?

प्लेटवर आहे तेवढी, टायर थंड असताना. जास्त माल म्हणून पुढच्या टायरला जादा हवा भरणं चूक. टायर हीच पहिली स्प्रिंग आहे, ती दगड केली की पुढचं सगळं काम सस्पेन्शनवर येतं.

आर्मचे बुश नवे टाकले आणि काही महिन्यांत फाटले. माल डुप्लिकेट होता का?

असेलही, पण आधी बसवणाऱ्याला एक गोष्ट विचारा: बोल्ट पक्का कधी आवळला? रबरी बुशच्या आतली नळी बोल्टने घट्ट धरली जाते आणि आर्म हलताना मधलं रबर पिळतं. गाडी जॅकवर, आर्म खाली लोंबत असताना बोल्ट आवळला, तर ती लोंबती स्थिती बुशची 'सरळ' स्थिती होते. गाडी खाली आली की रबर उभ्या उभ्याच पिळलेलं, रिकामी गाडी रात्रभर उभी असली तरी. त्यावर खड्ड्याचा पीळ आणखी. चांगल्या कंपनीचा बुशही अशाने फाटतो.

बरोबर पद्धत अशी: बोल्ट हाताने बसवून घ्या, गाडी चाकांवर उतरवा, पुढून दोन-तीनदा दाबून सोडा, आणि मग टॉर्क रेंचने मापाला आवळा. पाट्याच्या रबरी बुशचंही तेच. दहा मिनिटांचं काम आहे. मिस्त्रीसमोर उभं राहून करून घ्या, त्यात कोणाचा अपमान नाही.

यू-बोल्टबाबतही असंच: नवे पाटे बसवल्यावर काही शे किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत मापाला आवळावे लागतात, कारण पाटे एकमेकांवर बसतात. हे राहिलं की सेंटर बोल्ट तुटतो आणि अ‍ॅक्सल सरकतो.

एका बाजूचाच गेला असेल तर दोन्हीकडचे बदलायचे?

शॉकअप आणि स्प्रिंग जोडीनेच. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड जो गेला तो, दुसरा तपासून. पण एकाच बाजूचा का गेला ते बघा. डावी बाजू आधी जाणं आपल्याकडे साहजिक आहे, रस्त्याच्या कडेचे खड्डे, चेंबरची झाकणं आणि पाणी डाव्या चाकाच्या वाट्याला येतं.

कंपनीचा पार्ट की नाना पेठेतला?

नाना पेठेत चांगला मालही मिळतो. कंपनीला पुरवठा करणाऱ्या ब्रँडचा पार्ट पक्क्या बिलावर मिळत असेल तर जरूर घ्या. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडमध्ये बिनानावाचा माल मात्र घेऊ नका. बुश स्वस्तातला गेला तर आवाज येईल, खालचा बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं पडेल. नव्याबरोबर नवी स्प्लिट पिन लागते, जुनी वाकवून परत घालू देऊ नका. खाचांचा नट मापाला आवळल्यावर पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवायचा, मागे सोडून नाही.

अलाइनमेंट कधी करावी?

ढिले जॉइंट बदलल्यावर, त्याआधी नाही. प्ले असलेल्या गाडीचं अलाइनमेंट म्हणजे मशीनवर बरोबर आणि गेटबाहेर पडताच चूक. आधी हवा, मग गाडीची दोन्ही बाजूंची उंची, मग प्ले, आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही कागद मागून घ्या.

अमेरिकन पिकअपच्या व्हिडिओंत स्टिअरिंग वेड्यासारखं हलताना दिसतं. आपल्या गाड्यांत होतं का?

तिकडच्या हेवी ड्युटी पिकअप, फोर्डची एफ-२५० किंवा रॅमची २५००, यांच्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांना पुढे अखंड अ‍ॅक्सल आणि कॉइल स्प्रिंग असतात. अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा ट्रॅक बार असतो. रॅममधलं ६.७ लिटरचं कमिन्स डिझेल इंजिनच पाचशे किलोच्या आसपास भरतं. त्यात मालक गाडी उंच करतात, मोठे टायर लावतात, बर्फ ढकलायचं पातं पुढे जोडतात. ट्रॅक बारचा बुश, बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड ढिला झाला, की एखाद्या उंचवट्यावरून जाताना दोन्ही चाकं एकदम थरथरू लागतात आणि थांबत नाहीत. त्याला ते डेथ वॉबल म्हणतात.

आपल्या बीम अ‍ॅक्सलच्या पिकअपमध्येही असं थरथरणं होतं. ढिले किंगपिन, ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा), बेअरिंग, कमी झालेला कॅस्टर आणि बॅलन्स नसलेली चाकं ही कारणं. सुरू झालं तर स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा, वेग आपोआप उतरू द्या, करकचून ब्रेक मारू नका. नवा स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचा शॉकअप) लावून हे दबतं, जात नाही. मूळ ढिला जॉइंट तसाच राहतो.

बॉल जॉइंटला प्ले निघालाय, पण उद्याचं भाडं घेतलंय. एक खेप मारू का?

नको. उभा प्ले मर्यादेबाहेर असेल, बूट फाटून आतला बॉल गंजलेला दिसत असेल किंवा चाक वळवताना टक्‌ असा आवाज येत असेल, तर रिकामी गाडीही चालवू नये. नवले पुलाच्या उतारावर भरलेल्या गाडीचं चाक निखळलं, तर ते फक्त तुमच्या गाडीपुरतं राहत नाही. भाडं दुसऱ्या गाडीला द्या. बुश फाटलाय, शॉकअप गळतोय, असं असेल तर हळू चालवत एक-दोन दिवस काढता येतात.

वॉरंटीत बसतं का?

वॉरंटीचं पुस्तक वाचा. रबरी आणि झिजणारे पार्ट बऱ्याचदा वेगळ्या, कमी मुदतीचे असतात. वाढवलेले पाटे, गार्ड, मोठे टायर दिसले की दावा अडतो. प्रत्येक सर्व्हिसला तक्रार जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं कुठे राहत नाही. बदललेला जुना पार्ट बघायला मागा, फोटो ठेवा.

मिटलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. पिकअप धंद्याची म्हणून ग्राहक आयोग ऐकणार नाही, असा बऱ्याच जणांचा समज आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी वापरात धरली जात नाही. एकच गाडी, ती स्वतः चालवणारा मालक, याला दाद मागता येते. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात जायचं, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत.

फिटनेसला जाण्याआधी काय बघू?

मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं. त्याच्या दोन आठवडे आधी वर सांगितलेली प्लेची तपासणी करा. आदल्या दिवशी केली तर पार्ट मिळेपर्यंत तारीख जाते.

जुनी पिकअप घेतोय. पुढची बाजू पटकन कशी बघू?

वेल्डिंग बघा. पुढच्या पाट्यांचे हँगर, शॉकअपचा वरचा ब्रॅकेट, आर्म चासीला जोडलेले असतात ती जागा. तिथे नवा रंग किंवा वेल्डचा जाड थर असेल तर ती गाडी भरपूर भारात चालली आहे. मग पुढच्या दोन्ही टायरची आतली कड हाताने चाचपून बघा. विकणारा बाहेरची कड दिसेल अशी गाडी उभी करतो, म्हणून स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवायला सांगा आणि आतली बाजू उजेडात घ्या. नवेकोरे टायर पुढे आणि जुने मागे असतील तर जुने काढलेले टायर कुठे आहेत ते विचारा. शेवटी मोकळ्या सरळ रस्त्यावर जरा वेळ स्टिअरिंगवरची पकड सैल करून बघा, आणि वजनकाट्यावर न्यायला मालक तयार असेल तर रिकाम्या गाडीचं पुढचं-मागचं वजनही घ्या.